रेघा कुठल्या बाजूला

सुरुचीचं बाकी सगळं एक वेळ चालवून घेता आलं असतं, पण ती कुणाचं म्हणून ऐकत नसे, हे इंदूबाईंना खपत नव्हतं. आज सकाळचीच गोष्ट. दिनानाथरावांची पूजा अजून अर्ध्यावर, नैवेद्याचं वरण गॅसवर, आणि ही बया अकरा महिन्यांच्या पोरीला झबलं-टोपडं चढवून, खांद्याला पिशवी अडकवून जिन्याच्या तोंडाशी उभी. म्हणे, "आई, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय, दहाचा. मी ऋताला घेऊन जाते. तुम्हाला यायचं तर या." यायचं तर या! जसं काही गंगेपलीकडे वाळूत फिरायला निघाली होती. विचारणं नाही, सवरणं नाही. सासू म्हणून जिवंत माणूस घरात आहे याची दखल नाही. सुमंतला फोन लावावा तर तो बँकेच्या कामाला लखनौत, आणि आईशी बोलतानासुद्धा त्याची जीभ आता हिंदीवरच घसरायची. "आई, दिखा लेने दो ना, क्या जाता है?" क्या जाता है म्हणे. नातवंडाच्या डोळ्यांत खोट आहे असं दुर्गाघाटाच्या गल्लीत बोललं जाऊ लागलं, की काय जातं ते त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. इंदूबाईंनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि जिना उतरल्या. पोरीला एकटीच्या हवाली करायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं. गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत आणि पुढे टोटोत, त्या बॅटरीवरच्या रिक्षात, बसून खड्डे खात त्या दवाखान्यापर्यंत पोचल्या, तेव्हा एकच शब्द बोलल्या होत्या, तोही टोटोवाल्याला. आणि तो शब्द काही चांगला नव्हता.

आणि आता दवाखान्यात ही दुसरी, डोळे तपासणारी. सुरुचीपेक्षाही चार वर्षांनी लहान असेल. निळा कोट, कपाळ रिकामं, मनगटावर काळं घड्याळ तेवढं. आल्या आल्या तिनं ऋताच्या डोळ्यांतलं काजळ कापसानं पुसून काढलं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून धरलेलं, घरचं काजळ. पुसताना एक शब्द बोलली नाही, पण कापसाचा काळा बोळा इंदूबाईंना दिसेल असा टेबलावर ठेवला. मग विचारलं, बच्ची किसकी गोद में बैठेगी? सुरुचीनं हात पुढे केले होते. इंदूबाईंनी ते पाहिले आणि पोरगी आपल्या मांडीवर ओढून घेतली. "ती माझ्याचकडे गप्प बसते." ही गोष्ट खरीच होती. अकरा पोरं या मांडीवर न्हाऊन, माखून मोठी झाली, त्यातली तीन तर शेजाऱ्यांची. ही दवाखान्यातली काल जन्मलेली मुलगी काय परीक्षा घेते ते बघावंच म्हणून त्या खुर्चीत ताठ बसल्या, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "अम्मा, चूड़ियाँ उतार दीजिए."

इंदूबाईंनी हात मागे ओढले. सतराव्या वर्षापासून हे मनगट कधी उघडं पडलं नव्हतं. श्रावणात चुडीहारीण आली की ती आधी मनगटाला पिवळा दोरा बांधायची, मग एकेक जुनी बांगडी उतरवायची. नवी चढली की दोरा सोडायचा. एवढ्या मधल्या वेळातसुद्धा हात रिकामा नको. दोन वर्षांपूर्वी दिनानाथराव छातीत दुखून सात दिवस पडून होते, तेव्हा रात्री झोपेतसुद्धा इंदूबाई एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून ठेवत. त्यांनी मुलीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. "बिटिया, चूड़ी उतारने की जगह हमारे घर के पास ही है. मणिकर्णिका. यहाँ नहीं उतरेंगी."

मुलगी बनारसचीच होती, मणिकर्णिका म्हणजे मसणघाट हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं जीभ चावली, कानाच्या पाळीला हात लावला. "गलती हो गई अम्मा." पण हटली मात्र नाही. म्हणाली, बांगडी वाजली की बच्ची आवाजाकडे वळते, आणि मग ती डोळ्यांनी बघतेय की कानांनी, हे आम्हाला कळत नाही. असं म्हणून तिनं ड्रॉवरमधून पांढऱ्या जाळीच्या कापडाची गुंडाळी काढली, आणि इंदूबाईंच्या दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या मनगटाशी गोळा करून त्यावर वेटोळी घातली. पार अर्ध्या हातापर्यंत. हातावर उकळतं तेल सांडलेल्या बाईसारख्या इंदूबाई त्या दोन पांढऱ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांनी एक हात हलवून पाहिला. काहीही झालं नाही. स्वतःचा हात हलला आणि ऐकू आलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि सगळ्यात जास्त राग त्यांना याचा आला, की मांडीवरच्या ऋतानंही त्या हाताकडे मान वळवली नाही.

परीक्षा काय, तर पुठ्ठे. लांबट, राखाडी रंगाचे पुठ्ठे, मध्ये एक बारीक भोक. पुठ्ठ्याच्या एका टोकाला काळ्या-पांढऱ्या रेघांचा चौकोन, दुसरं टोक नुसतंच राखाडी. मुलगी पुठ्ठा स्वतःच्या तोंडासमोर धरणार आणि भोकातून पोरीचे डोळे बघणार. रेघा डावीकडे आहेत की उजवीकडे, हे तिला स्वतःलाच ठाऊक नसतं. पुठ्ठे पालथे ठेवून ती प्रत्येक पुठ्ठा न बघता उलटसुलट फिरवून घेते. पोराला रेघा दिसल्या तर पोर रेघांकडे बघतं, कोऱ्याकडे नाही बघत. पोर जिकडे बघेल ती बाजू ती लिहून ठेवते आणि मगच पुठ्ठा उलटून खरं-खोटं करते. मग आणखी बारीक रेघांचा पुठ्ठा, मग त्याहून बारीक. जिथून पुढे पोर कुठंच बघत नाही, तिथे त्याची नजर संपली. "जो बोल नहीं सकते उनका ऐसे ही नापते हैं, अम्मा." इंदूबाईंना हसू आलं. दुसरीतून काढून चुलीपाशी बसवलेल्या बाईला एवढं कळत होतं, की परीक्षेत खरं कुणी सांगत नसतं. घाटावरच्या शिबिरात त्यांचे डोळे तपासले होते, तेव्हा पुढची बाई पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होती. इंदूबाईंनी ती नुसती ऐकली आणि पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाला, वाह माताजी, इस उमर में! तेव्हापासून तांदळातले खडे त्या बोटांनी हुडकत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता.

"अम्मा, आप आँखें बंद रखिए. बोलना नहीं, हिलना नहीं." म्हणजे हात बांधले, तोंड बांधलं, आता डोळेही. इंदूबाईंनी डोळे मिटले. खोली गप्प झाली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, पण खोलीचं दार जाड होतं आणि पंखा बंद. अशी शांतता त्यांच्या घरात कधी नसे. घरात घंटा, नळ, दिनानाथरावांचं पुटपुटणं, खालच्या दुकानातलं भांडण, आणि या सगळ्यावर त्यांच्या स्वतःच्या हातांचा आवाज. शांततेत माणसाला नको ते आठवतं. चार महिन्यांपूर्वी सुरुची स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, हातात लाल ओढणी. "आई, मी अनवाणी जाऊन तिच्यासमोर ही ओढणी हलवली. तिनं बघितलं नाही. मी हसले, तरी नाही. मी बोलले की मगच हसते ती. चेहऱ्याला हसत नाही, आवाजाला हसते." आणि इंदूबाई पोळी उलटत म्हणाल्या होत्या, "तोंड मिटून समोर उभी राहिलीस तर तुझ्याकडे मीसुद्धा बघणार नाही." सुरुचीचे डोळे भरले होते. मग त्या तव्यावरची पोळी उतरवून स्वतः उठल्या, पाळण्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या आणि हात हलवला. ऋतानं झटकन मान वळवली. उजव्या अंगाला गेल्या, हात हलवला. पुन्हा वळवली. "बघितलं? घारीची नजर आहे माझ्या नातीला. तुमच्या मोबाइलवर काय काय वाचता आणि लेकराला अपशकून करता. पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही." सुरुचीनं काढला नाही. मधे एकदा ताटात पडलेला लाल डाळिंबाचा दाणा पोरीनं उचलला नाही, म्हणून ती नुसती सासूकडे बघत राहिली. इंदूबाईंनी दाणा स्वतः उचलून तोंडात टाकला.

छातीला टेकलेलं डोकं जागचं हललं नव्हतं. पुठ्ठा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, दुसरा उचलल्याचा झाला. डोकं हललं नाही. एवढुसं डोकं, तेल लावलेलं, टाळूपाशी ऊबदार, आणि ते कुठंच वळत नव्हतं. "चलो बेटा, देखो," एवढं मुलगी एकदाच म्हणाली आणि डोकं लगेच समोर उचललं गेलं, आवाजाकडे, मधोमध. पुन्हा शांतता. इंदूबाईंनी डावा डोळा किलकिला केला.

रेघा डावीकडे होत्या. चांगल्या दिसत होत्या की! एवढ्या ढळढळीत की इंदूबाईंच्या मोतीबिंदूतूनही दिसाव्यात. आणि मुलीचा एक डोळा, भोकाच्या मागे, वाट बघत. तेव्हा त्यांच्या उजव्या गुडघ्यानं जे केलं ते त्यांना विचारून केलं नाही. तो जरासा वर आला. पोरगी डावीकडे कलली, मान डावीकडे गेली. भोकामागचा डोळा पोरीच्या तोंडाकडे होता, गुडघ्याकडे नव्हता. मुलीनं लिहिलं, पुठ्ठा उलटला आणि मान डोलावली. "शाबाश!" पुढचा पुठ्ठा. रेघा उजवीकडे. डावा गुडघा. "शाबाश!" खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सुरुचीनं श्वास सोडलेला इंदूबाईंना ऐकू आला, आणि त्यांना वाटलं, बघ, बघ आता, कोण खरं होतं. तिसरा पुठ्ठा. बारीक रेघा, डावीकडे. गुडघा उचलणार, आणि त्यांना ताट दिसलं.

विश्वेशचं ताट. त्यांच्या पाठचा भाऊ, चार वर्षांनी लहान, ब्रह्माघाटावर वेदपाठशाळेत जायचा. तिथे पुस्तक नव्हतंच. गुरुजींनी म्हणायचं, पोरांनी मागून म्हणायचं, संथा अशी कानातून कानात. विश्वेश एकदा ऐकलेलं विसरत नसे, नि सगळा घाट त्याचं कौतुक करी. घरात ताट मराठी पद्धतीचं, मीठ वर, चटणी डाव्या अंगाला, भाजी उजव्या. रोज तिथल्या तिथे, तसूभर हलायचं नाही. एकदा पाहुणी आलेली आत्या वाढायला बसली आणि तिनं उलटं वाढलं. विश्वेशनं भाजी म्हणून ठेच्याचा घास भरला. सगळे हसले, तोही हसला, डोळ्यांतून पाणी गळत असताना. अकरा वर्षांची इंदू हसली नाही. तिला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवसापासून भावाचं ताट ती दुसऱ्या कुणाला वाढू देत नसे. जिन्यात ती त्याच्या एक पायरी पुढे चालायची. देवळात त्याच्या कोपराला बोट लावायची, असं की कुणाला दिसू नये. तिला वाटायचं, आपण त्याला सांभाळतो. कुणाला कळलं नाही, आईला नाही, गुरुजींना नाही. एवढं चांगलं सांभाळलं तिनं. मग पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्या गाळानं भरल्या, पायरीची जागा पायरीला राहिली नाही, आणि इंदू त्या दिवशी घरात आजारी पडलेली. विश्वेश नऊ वर्षांचा होता. एकटाच उतरताना पडला, हात मोडला, तो जुळला. हात जोडणाऱ्या डॉक्टरनंच डोळ्यांत बॅटरी मारली आणि वडिलांना म्हणाला, पंडितजी, बहुत देर कर दी. डोळ्यांनी बघायचं असतं हे याचा मेंदू शिकलाच नाही. आजही तो ब्रह्माघाटावर मुलांना संथा देतो. समोरची मुलं त्याला धुक्यासारखी. पण बहीण दारात आली की ती बोलायच्या आधी म्हणतो, "ये, इंदूताई." लोकांना नवल वाटतं, म्हणतात, केवढी आतली दृष्टी! आतली दृष्टी कसली डोंबलाची. बांगड्या.

गुडघा वर आलेला तसाच राहिला होता. पोरगी डावीकडे झुकू लागली होती. इंदूबाईंनी तो खाली टेकवला. वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं ते.

"रुको," त्या म्हणाल्या.

"अम्मा, बोलना नहीं है."

"अगं, काय बोलना नहीं! मैंने धकेला. दोनों बार. मला दिसत होत्या रेघा, मी डोळे उघडले. तिनं नाही बघितलं. माझ्या पायानं बघितलं. काट ते, जे लिहिलंयस ते, सब काट." मराठी की हिंदी, त्यांना भान नव्हतं. मुलगी पुठ्ठ्याच्या वरून बघत राहिली. सुरुचीकडे इंदूबाईंनी बघितलं नाही. स्टूल सरकल्याचा आवाज तेवढा झाला. मग त्याच सुनेवर चिडून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? घे तिला. तुझ्या मांडीवर घे. माझ्या पायांचा भरवसा नाही."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी इंदूबाई स्टुलावर, पांढरे हात मांडीत, आणि सुरुची खुर्चीत, डोळे घट्ट मिटून, इतके की भुवया आखडल्या होत्या. आंगठ्याएवढ्या जाड रेघांचा पुठ्ठा आला. ऋता समोर बघत होती. बघत होती म्हणजे डोळे समोर होते. मग, किती वेळानं कोण जाणे, मान हळूहळू डावीकडे गेली. कुणी ढकललं नव्हतं. कुणी वाजवलं नव्हतं. डावीकडे रेघा होत्या, म्हणून गेली. इंदूबाई स्टुलावरून पुढे झुकल्या. पुढचा पुठ्ठा, जरा बारीक, उजवीकडे. मान उजवीकडे, अजून हळू. त्याच्या पुढचा. मान कुठंच गेली नाही. मुलीनं तोच पुठ्ठा फिरवून धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. ऋतानं जांभई दिली. त्याहून जाड पुन्हा, तेव्हा बघितलं. बारीक, नाही. इथे संपत होती तर. ज्या चार-सहा महिन्यांच्या पोरांनासुद्धा दिसतात त्या रेघा, असं मुलगी कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, त्या हिला दिसत नाहीत. तिच्या आवाजात दया नव्हती आणि दोषही नव्हता, मापाचाच आवाज होता, शिंप्यासारखा. इंदूबाईंना त्या मुलीबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मग डोळ्यांत थेंब, पोरीचं आकांत करून रडणं, तासभर बाहेरच्या बाकावर. त्या तासात सासू-सुनेचं एवढंच बोलणं झालं. "पाणी?" "नको." बाकावर दोघींच्या मध्ये माणूसभर जागा होती आणि तिथे येऊन बसायला निघालेल्या एका जाड्या बाईला इंदूबाईंनी नुसत्या नजरेनं उभं ठेवलं. सुरुची एकदाही म्हणाली नाही, की मी सांगत होते. एकदा म्हणाली असती तर इंदूबाईंना तिला चार शब्द ऐकवता आले असते, छाती मोकळी झाली असती. पण नाही. ती पोरीचं झबलं सरळ करत राहिली, झालेलं सरळ पुन्हा सरळ करत. असल्या चांगुलपणाचा माणसानं काय राग करावा!

डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची पट्टी पोरीच्या डोळ्यांवरून फिरवली, पुढे काचा धरून धरून मोजलं. दोन्ही डोळ्यांचा नंबर मोठा, फार मोठा. आत बाकी सगळं ठीक. चश्मा, रबरी पट्ट्याचा, झोपेखेरीज दिवसभर. तीन महिन्यांनी पुन्हा पुठ्ठे. "सहा-सात महीने की थी तब ले आतीं तो और अच्छा था," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "पर अब भी वक़्त है. इस उम्र में दिमाग़ सीख लेता है." मग मान वर करून सहज विचारलं, "पहले किसी को शक नहीं हुआ?"

इंदूबाई तयार झाल्या. पाठ ताठ केली. सुरुची बोलणार, आणि बोलावंच तिनं.

"नहीं मैडम," सुरुची म्हणाली, "अभी-अभी ध्यान गया."

खोलीबाहेर येईपर्यंत इंदूबाईंनी कसंबसं तोंड आवरून धरलं. बाहेर सुरुचीनं पोरीला बाकावर त्यांच्यासमोर टेकवून बसवलं आणि न विचारता सासूच्या हातावर अजून तशीच राहिलेली जाळी सोडायला घेतली. एक वेटोळं, दुसरं वेटोळं. शेवटचं निघालं तशा बांगड्या मनगटावर घरंगळल्या, खळ्ळकन वाजल्या, आणि ऋताची मान झटकन त्यांच्याकडे वळली. घारीसारखी. थेंबांनी फाकलेले काळेभोर डोळे त्यांच्या कानापाशी कुठंतरी लागले होते. इंदूबाईंनी दुसऱ्या हातानं त्या बांगड्या आवळून धरल्या. पुढे वाकल्या, आपलं तोंड पोरीच्या तोंडापासून वितीवर नेलं आणि काही न बोलता तसंच ठेवलं. आपलं थोराड नाक, कपाळावरचं मोठं लाल कुंकू, सगळं. येणारे-जाणारे बघत होते. कंबर दुखायला लागली. पोरीचे डोळे कानावरून निघाले, गालावर रेंगाळले, कुंकवापाशी येऊन थांबले. आवाज काही नव्हता. ऋता हसली नाही. कोण ही बाई, अशा चेहऱ्यानं ती नुसती बघत राहिली.

"आई," सुरुची हळूच म्हणाली, "आत मी जे सांगितलं ना, ते... तुम्हाला उगीच वाईट वाटायला नको म्हणून."

इंदूबाई सरळ झाल्या. कंबरेला हात लावला. सकाळपासून, चार महिन्यांपासून, खरं तर त्या गाळाच्या दिवसापासून साचलेला सगळा वैताग त्यांच्या आवाजात उतरला, आणि मघाच्या जाड्या बाईसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात त्या म्हणाल्या:

"वाईट वाटू दे की मला! मी काय मेणाची आहे? डॉक्टरनं विचारलं तर सांगायचं, माझ्या सासूनं तोंड बंद केलं होतं. तुला दिसत होतं, सुरुची. या पोरीला काय दिसत नाही ते घरात तुला एकटीला दिसत होतं. आणि तू काय केलंस? चार महिने माझं ऐकलंस. हेच चुकलं तुझं, दुसरं काही नाही. उचल तिला. चश्म्याचं दुकान कुठाय ते बघू, आणि पट्टा लाल घ्यायचा, त्यात मात्र माझं ऐकायचं."